केवळाबाईनं न ओवाळलेली घोडी

पिकअपचा मागचा फाळका धाडकन खाली पडला, तेव्हा केवळाबाई फाटकात तांब्या घेऊन उभी होती. तांब्यात पाणी, ताटलीत हळदकुंकू आणि भाकरीचा चतकोर. नवं जनावर घरी आलं की त्याच्या पायावर पाणी घालायचं, भाकर ओवाळून टाकायची, घरच्या बाईनं आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसायचं आणि म्हणायचं, ये बाई घरी. एवढं झाल्याशिवाय जनावर फाटकाच्या आत बांधायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत होती. सकाळपासून तिनं अंगण दोनदा झाडलं होतं, सुनेकडून सडा घालून घेतला होता. आणि फाळक्यावरून उतरलं काय, तर नटूनथटून आलेली नवरी!

दुसरं काय म्हणायचं तिला? पांढरीशुभ्र, उंच, लांबसडक पायांची घोडी. गळ्यात निळ्या मण्यांची माळ, कपाळावर आरशांचा पट्टा, आयाळीला लाल गोंडे. माळेगावच्या यात्रेतून घोडं आणायला गेलेला केवळाबाईचा नवरा धोंडीबा दोर धरून मागोमाग उतरला आणि बायकोची नजर चुकवून उगीचच पिकअपच्या चाकाकडं बघत राहिला.

तेवढ्यात मुंजाजीनं ढोलावर टिपरी टाकली. मुंजाजी म्हणजे धोंडीबाचा चुलतभाऊ. दोघांची मेंढरं दरवर्षी संगंच बाहेर पडायची, आणि कुणाच्या घरी काही चांगलं झालं की ढोल काढल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नसे. ढोल वाजला. घोडीनं कान टवकारले, मान वाकवली आणि पुढचे पाय आळीपाळीनं उचलत भर रस्त्यात नाचायला लागली. गल्लीतल्या लोकांनी मोबाइल काढले. ते बघून मुंजाजीला जोर चढला, मुंजाजीला बघून घोडीला जोर चढला, आणि चारठाण्याच्या रस्त्यावरची ती एवढीशी वस्ती शिट्ट्यांनी दणाणून गेली.

"आवं, ही वरातीची घोडी हाय!" केवळाबाई ओरडली.

"हाय," धोंडीबा म्हणाला.

"आन् मी काय आनायला सांगितलं होतं?"

यावर हा बाबा घोडीच्या आयाळीतले गोंडे सारखे करायला लागला. लग्न झाल्यापासून याचं हे असंच. बोलायचं तिथं मुका, आणि नको तिथं एका शब्दात सगळं उरकणार.

तिनं काय सांगितलं होतं ते साऱ्या वस्तीला पाठ होतं. बुटकी, रुंद पाठीची, मातकट रंगाची, कानाशी फटाका वाजला तरी चरत राहील अशी घोडी. कारण मेंढरं बाहेर पडली की बापे पुढं मेंढरामागं जातात, आणि मागं सगळा संसार घोड्यावर लादून पुढच्या मुक्कामाला न्यायचा तो बायांनी. पातेली, पिठाची डबडी, घोंगड्या, जाळीत बांधलेली आठ दिवसांची कोकरं, वर उलटी घातलेली बाज आणि त्या बाजेला पाय बांधलेल्या कोंबड्या. बापे येईपर्यंत चूल पेटलेली पाहिजे. घोडं हे असं बाईच्या हातचं जनावर. उन्हाळ्यात म्हातारी काळी घोडी गेली, तेव्हापासून केवळाबाई सांगत होती की नवी बघायला मी येणार. पण यात्रेच्या दिवशी ती उठायच्या आत धोंडीबा पहिल्या गाडीनं निघून गेला होता. म्हणे गर्दीत तुझा गुडघा दुखंल. गुडघा तिचा, आणि काळजी याला!

"हिच्या पाठीवर बाज घालू का हिला बाशिंग बांधू?" तिनं विचारलं.

"घोडी चांगली हाय," धोंडीबा म्हणाला.

केवळाबाईनं तांब्यातलं पाणी तुळशीला ओतलं. भाकरीचा चतकोर कुत्र्याला टाकला.

"मी न्हाई ओवाळनार. ज्यानं आनली त्यानं ठिवावी, कुठं ठिवायची ती."

आता घरच्या बाईनं ओवाळलं नाही म्हटल्यावर घोडी आत येणार कशी? धोंडीबानं मुकाट्यानं तिला फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बांधलं.

पुढचे दिवस म्हणजे केवळाबाईच्या जिवाला नुसता घोर. कापसाची रानं मोकळी व्हायला लागली होती, बाकीच्यांची मेंढरं कधीच निघून गेली होती, आणि ही बया पाठीवर काही ठेवू देईना. केवळाबाईनं जुन्या घोंगडीचं दुहेरी खोगीर हातानं शिवून ठेवलं होतं, ते घोडीनं अंग झटकून पाडलं. पुन्हा घातलं, पुन्हा पाडलं. तिसऱ्यांदा मुंजाजीची बायको रेणुका आणि केवळाबाईची सून रुपाली दोघींनी दोन बाजूंनी धरलं, तेव्हा कुठं पट्टा आवळता आला. मग पातेल्यांचं गाठोडं चढवलं. घोडीनं एक पाऊल टाकलं, आत पातेली वाजली. वाजली म्हटल्यावर घोडी नाचली. नाचली म्हटल्यावर पातेली आणखी वाजली. शेवटी गाठोडं सुटून पातेली घरंगळत पार हनुमानाच्या देवळापर्यंत गेली आणि रुपाली हसून हसून खाली बसली.

"हसायलीस काय! गोळा कर ती," केवळाबाई खेकसली.

"आत्या, तिचा काय दोष? तिला वाटलं बँड आला," रुपाली पदरात तोंड घालून म्हणाली.

घोडीची आणखी एक खोड होती. लिंबाच्या पारावर कुणी उभं राहिलं की ती चालत यायची, पाराला अंग लावून आडवी उभी राहायची आणि मग काही केल्या हलायची नाही. रुपाली डहाळी मोडायला पारावर चढली, की ही आलीच. शेपटी ओढा, ढकला, शिव्या द्या, ही आपली खांबासारखी उभी. केवळाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. पाहिजे तेव्हा थांबत नाही आणि नको तेव्हा हलत नाही, नवऱ्यानं अगदी आपल्यासारखीच शोधून आणली.

त्यातच तिची डाव्या पायाची चप्पल हरवली. कुत्र्यानं नेली म्हणून तिनं सगळा उकिरडा पालथा घातला. संध्याकाळी धोंडीबा जिंतूरहून आला आणि म्हणाला, "मोच्याकडं दिली. अंगठा उसवला होता."

"कुठं उसवला होता? चांगली धड चप्पल! आन् न्यायची तर सांगून न्यावं मानसानं. दिवसभर रुपालीची घट्ट चप्पल घालून हिंडायले मी!"

"दील तो चार दिवसांनी," एवढंच बोलून तो लिंबाखाली गेला. तिथं तो रोज सकाळ-संध्याकाळ काहीतरी करत बसायचा. तिनं शिवलेलं खोगीर वळचणीला टाकून त्यानं कुठलं तरी जुनं, बसायचं जीन आणलं होतं. त्याला तेल लाव, पट्टे काप, भोकं पाड. हा आता या वयात नवरदेव होऊन मिरवणार आहे की काय, असं रेणुकानं विचारलं तेव्हा सगळी वस्ती खो खो हसली. धोंडीबाही हसला. केवळाबाईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत नवऱ्याला वेड्यात काढतात, आणि त्याला त्याचं काही नाही!

एका संध्याकाळी त्यांचा मुलगा आदिनाथ जेवताना बोलला. तो देवगाव फाट्यावर पिकअप चालवायचा. बोलायला नीट, पण त्या दिवशी ताटात बघूनच बोलत होता.

"माय, ऐक जरा. सगळं सामान मी पिकअपमधून मुक्कामावर टाकत जातो. घोड्याची गरजच न्हाई. आन् सामान गाडीत गेल्यावर तुला तरी पायी जायची काय गरज हाय? तू औंदा घरी ऱ्हा. रुपालीसंगं. गुडघ्याला आराम भेटंल."

केवळाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. याचीच भीती तिला काळी घोडी गेल्यापासून होती. लग्न होऊन आल्यापासून एकही हिवाळा तिनं या पत्र्याखाली काढला नव्हता. थंडीत ज्वारीच्या रानाकडेला चूल मांडायची, सकाळी ती विझवून पुढं निघायचं, रोज नवी विहीर, रोज नवी माणसं. घरी राहून करायचं काय? टीव्हीसमोर बसून शेंगा फोडायच्या?

"माझा गुडघा ठनठनीत हाय," ती म्हणाली.

"मागच्या साली सुजून भोपळा झाला होता," आदिनाथ म्हणाला. "मुंजाकाका म्हनाले होते, वहिनीला घोड्यावर बसवा. तर तू किती भडकलीस त्यांच्यावर!"

"भडकनारच! बापे पायी चालायलेत आन् मी वर बसू? पांगळी हाय काय मी? घोड्यावर बसून जायची येळ आली, तर त्या दिवशी घरीच बसंन मी, सांगून ठिवते."

धोंडीबानं एकदा मान वर केली, तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा भाकर कुस्करायला लागला. ते बघून तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

"आत्ता कळलं! मला घरी ठिवायचं मनूनच ही नाची आनली तुमी. लादता येनार न्हाई, मंग म्हातारी आपसूक घरी बसंल. बाप-लेकांनी मिळून ठरवलंय हे सगळं!"

"न्हाई गं माय, मला तर..." आदिनाथ गडबडला.

"तुमी बोला!" ती नवऱ्याला म्हणाली.

"घोडी चांगली हाय," धोंडीबा म्हणाला आणि हात धुवायला उठला. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंतीशी भांडलं तर निदान आवाज तरी परत येतो.

निघायच्या दिवशी उजाडता उजाडता बापे मेंढरं घेऊन पुढं गेले. जाताना धोंडीबानं घोडीवर ते जीन घातलं, एक पिशवी अडकवली आणि दोर केवळाबाईच्या हातात दिला.

"रिकामी न्हेऊ व्हय हिला?"

"संगं असू दे," तो म्हणाला आणि मेंढरामागं निघून गेला.

सामान आदिनाथच्या पिकअपमध्ये गेलं. रेणुकानं आपल्या बुटक्या घोडीवर आपला संसार लादला आणि दोघी देवगाव फाट्याच्या रस्त्याला लागल्या. केवळाबाईला रडू येईल की काय असं झालं. इतकी वर्षं ती लादलेलं घोडं ओढत या रस्त्यानं गेली, आणि आज रिकाम्या घोडीचा दोर धरून चालायची वेळ आली! जाणारायेणारा विचारायचा, "मावशी, नवरदेव कुठं हाय?" ट्रॅक्टरवर गाणी लावून ऊसवाले गेले, की घोडी नाचायची. कुठं मंगल कार्यालयाची कमान दिसली, की तिथं थांबून आत जायला बघायची. एकीकडं दोर ओढायचा, एकीकडं लोकांना उत्तरं द्यायची. तिच्या नाकी नऊ आले.

"तू हो पुढं," ती रेणुकाला म्हणाली. "तुजं घोडं लादलेलं हाय, त्याला कामून थांबवायलीस? मी येते हिचा साजशिणगार उरकून."

रेणुका वळणापलीकडं दिसेनाशी झाली, तेव्हा केवळाबाईनं आतापर्यंत दाबून ठेवलेलं लंगडणं मोकळं सोडलं. उजवा गुडघा सकाळपासून ठणकत होता. आता तो वाकेचना. कशीबशी ती ओढ्यावरच्या लहान पुलापर्यंत आली आणि कठड्यावर टेकली. पाय लांब केला. गुडघ्यावर हात ठेवला तर तवा तापल्यागत गरम. मुक्काम अजून लांब होता. आदिनाथला फोन केला तर तो पिकअप घेऊन येईल, तिला उचलून गाडीत घालील आणि सरळ घरी नेऊन सोडील. मग कायमचंच घर. तिनं फोन बाहेर काढला, त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा कमरेला खोचला. डोळ्यात आलेलं पाणी तिनं रागानंच पुसलं.

घोडी चालत आली, कठड्याला अंग लावलं आणि आडवी उभी राहिली.

"हो तिकडं!" केवळाबाई म्हणाली. "आता तू बी माझ्या उरावर बस."

तिनं ढकललं. घोडी हलली नाही. पोटात कोपर मारलं, तरी हलली नाही. कान मागं करून, मान खाली घालून उभी. तेव्हा केवळाबाईला कळलं, की ही थांबायलीय कशासाठी. नवरदेव ओट्यावर चढतो, आणि ओट्याला लागून उभं राहायचं हे हिच्या हाडात मुरलेलं. तो नीट बसेपर्यंत हलायचं नाही. लादायची घोडी असं कधी करत नाही. तिला शिकवलेलंच नसतं.

जिनाची रिकीब, म्हणजे पाय ठेवायचं कातड्याचं कडं, बरोबर तिच्या पायाशी लोंबत होतं. नवं कोरं कातडं, पक्का टाका. पण धोंडीबाच्या फताड्या पायाला हे बसायचं कसं? तिनं सहज आपला डावा पाय आत घातला. रुपालीची घट्ट चप्पल कड्याला अडकून निघाली आणि पाऊल कड्यात असं बसलं, जणू माप घेऊन केलेलं. तिनं पिशवीत हात घातला. वर एक फडक्यात बांधलेला भाकरीचा तुकडा होता. खाली तिची डावी चप्पल होती. तिचा अंगठा कुठंच उसवलेला नव्हता.

केवळाबाईनं ती चप्पल मांडीवर घेऊन उलटीसुलटी करून बघितली. म्हणजे मोच्याकडं हा चप्पल शिवायला गेलाच नव्हता, रिकिबीसाठी तिच्या पायाचं माप द्यायला गेला होता. यात्रेत हा रुंद पाठ बघत फिरला नाही, बायकोला घेऊन शांत उभी राहील अशी घोडी बघत फिरला. वस्तीनं वेड्यात काढलं, रेणुकानं नवरदेव म्हटलं, स्वतःच्या बायकोनं चारचौघांत पाणी ओतून टाकलं, आणि हा आपला 'घोडी चांगली हाय' म्हणत राहिला. तिला इतका राग आला, की त्या रागातच तिनं चप्पल पायात सरकवली, डावा पाय रिकिबीत रोवला, लुगड्याचा काष्टा सावरला आणि आयाळ धरून अंग वर टाकलं. उजवा पाय पलीकडं नेताना तोंडातून शिवी गेली. घोडी खांबासारखी उभी होती.

"चल मेले," केवळाबाई म्हणाली. "आन् नाचलीस तर बघ."

घोडी चालली. पाण्याचा हंडा डोक्यावर असलेली बाई चालते तशी, जपून जपून.

कापसाच्या मोकळ्या रानात आदिनाथ सामान उतरवत होता. बांधावरून घोडी येताना दिसली आणि वर बसलेली बाई आपली आईच आहे हे ध्यानात आलं, तेव्हा त्याच्या हातातली बाज खाली पडली.

"माय, तू?"

"मंग कोन, तुजी सासू? फाळका खाली कर."

घोडी पिकअपला लागून उभी राहिली. केवळाबाई फाळक्यावर उतरली, तिथून आदिनाथचा हात धरून खाली. आधीच पोहोचलेली रेणुका तोंडावर हात ठेवून बघत होती. हसावं की काय करावं, हे तिला कळेना, म्हणून ती निमूट शेण्या मोडायला लागली. पण केवळाबाईनं कुणाकडं बघितलं नाही. तिनं तीन दगड गोळा केले, चूल मांडली, पेटवली.

उन्हं कलली तशी मेंढरं टेकाडावरून उतरली. मागून धोंडीबा आणि मुंजाजी. धोंडीबानं आधी चुलीकडं बघितलं, मग जीन घातलेल्या घोडीकडं, मग बायकोच्या पायातल्या चपलेकडं.

"बसलीस?" त्यानं विचारलं.

"तोंड दिलंय ना तुमाला देवानं?" केवळाबाई फुटलीच. "का नुसतं भाकर खायला दिलंय? एवढे दिवस माझ्या शिव्या खाल्ल्या, गावाला हसू दिलं. एकदा तोंडानं सांगायला काय झालं होतं, की तुझ्यासाठी आनली मनून?"

धोंडीबानं काठी खाली ठेवली.

"सांगितलं असतं तर बसली असतीस?"

केवळाबाईनं चुलीत एक काटकी कोंबली. बसली नसती. मेली असती तरी बसली नसती. त्या दिवशी जेवताना स्वतःच्या तोंडानं बोलून बसली होती, आणि या माणसानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

तिनं तांब्या उचलला, पाण्यानं भरला. पिशवीतला भाकरीचा तुकडा घेतला.

"आगं, रीत घराच्या दारात करायची असती," रेणुका म्हणाली. "हितं रानात?"

"मंग ही चूल काय शेजारणीची हाय?" केवळाबाई म्हणाली.

तिनं घोडीच्या चारी पायांवर पाणी घातलं. भाकर ओवाळून बांधापलीकडं टाकली. पदराचं टोक हातात घेऊन धुळीनं माखलेलं ते लांब तोंड वरपासून खालपर्यंत पुसलं, डोळ्यांच्या कडा पुसल्या, नाकपुड्या पुसल्या. घोडीनं तिच्या खांद्यावर ऊन श्वास सोडला.

"ये बाई घरी," केवळाबाई म्हणाली. आवाज तिला पाहिजे होता तसा कडक आला नाही.

मुंजाजीनं हळूच पिकअपमध्ये हात घातला.

"भावजी, ढोलाला हात लावाल तर चुलीत घालीन तो!"

मुंजाजीनं हात मागं घेतला. धोंडीबा घोडीचं जीन उतरवत होता. केवळाबाई चुलीपाशी बसली, उजवा पाय तिनं आज कुणापासून न लपवता लांब केला आणि पीठ मळायला घेतलं. मळता मळता तिनं मान न वळवता नवऱ्याला सांगितलं,

"उजवीकडची रिकीब लहान झालीय. सुजल्या पायाला आवळती. उद्या निघायच्या आत सैल करा." आणि थोड्या वेळानं आणखी म्हणाली, "न्यायच्याच होत्या तर दोन्ही चपला न्यायच्या होत्या."